दडविलेल्या डब्याचा शोध
गणित व भूगोल यांचा एक संयुक्त पाठ (इयत्ता 5 वी ते 7 वी)

दडविलेली वस्तू शोधून काढण्याची हौस मुलांच्या ठिकाणी उपजतच असते. लपंडावात ज्याच्यावर राज्य आले आहे तो मुलगा प्रत्येक कणगीमागे आणि गोठ्याच्या प्रत्येक कोपऱ्यात मोठ्या चिकाटीने डोकावतो. त्या चिकाटीचा अल्प अंश जरी त्याने गणिताच्या तासाला दाखविला, तरी शिक्षकाचे निम्मे काम हलके होईल. परंतु नित्याचा अनुभव निराळा आहे. उदाहरण सोडवून होताच मुलाची दृष्टी वहीवरून उठते ती थेट शिक्षकाच्या मुद्रेवर जाते. उत्तर बरोबर आले की चुकले, हे तो तेथे वाचू पाहतो. शिक्षकाची भुवई किंचित वर गेली की तो लिहिलेले उत्तर खोडून टाकतो, मग ते बरोबर का असेना! अशा मुलाला गणिताच्या रीती येतात, पण स्वतःच्या उत्तरावर उभे राहता येत नाही. पुढे बाजारात, शेताच्या मोजणीत किंवा कर्जाच्या हिशेबात त्याच्यासमोर शिक्षकाची मुद्रा नसते. तेथे ज्याला स्वतःचे उत्तर स्वतः पडताळता येते तोच फसत नाही.

प्रस्तुत पाठात निर्णय देणारा शिक्षक नसून एक लहानसा डबा आहे. कोडे अचूक सुटले तर डबा सापडतो, चुकले तर सापडत नाही. पारशिवनी तालुक्यातील कोणत्याही शाळेस हा पाठ आपल्या आवारात, फारसा खर्च न करता घेता येईल.

पाठाची पूर्वपीठिका

अशा शोधाचा खेळ आज जगभर खेळला जातो. त्याला जिओकॅशिंग असे नाव आहे. इंग्लंडमधील डार्टमूर या माळरानावर 1854 साली जेम्स पेरट या वाटाड्याने एका दुर्गम जागी काचेची बाटली ठेवली व तेथवर पोहोचणाऱ्यांनी आपली नावपत्रिका तीत टाकावी अशी प्रथा पाडली. आजचा खेळ त्या प्रथेचाच जवळचा नातलग होय. त्याला निमित्त झाले ते आकाशातील उपग्रहांचे. पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह वेळेचे संदेश सतत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, म्हणजे ते किती वेळात पोहोचले यावरून जमिनीवरील यंत्र स्वतःचे स्थान काढते. सामान्य नागरिकांना मिळणारे हे संदेश पूर्वी मुद्दाम सदोष ठेवले जात व त्यामुळे स्थानात 100 मीटरपर्यंत चूक पडे. 2000 सालच्या मे महिन्याच्या प्रारंभी हा दोष काढून टाकण्यात आला. लगेच 3 मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली ठेवली, तीत वही, पेन्सिल व काही वस्तू घातल्या आणि त्या जागेचे अक्षांश व रेखांश जाहीर केले. काही दिवसांतच माइक टीग यांनी ती शोधून वहीत आपले नाव लिहिले.

पुढे या खेळात कोड्याचा प्रकार आला. त्यात जाहीर केलेले स्थान खरे नसते. सोबत एक कोडे असते व ते सोडविल्यावर खरे आकडे हाती येतात. शिक्षणाच्या दृष्टीने हाच प्रकार अधिक मोलाचा आहे, कारण त्यात चालण्यापूर्वी विचार करावा लागतो.

केवळ आकड्यांवरून जमिनीवरील एखादा बिंदू हुडकण्याची ही विद्या विदर्भाला मात्र नवी नाही. विल्यम लॅम्ब्टन यांनी 1802 साली मद्रासजवळ एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या दोन टोकांचे कोन ठाऊक असले म्हणजे तिसऱ्या बिंदूचे स्थान तेथवर साखळी न ओढताही काढता येते, एवढ्याच सूत्रावर ते प्रचंड काम चालले. मोजणीच्या ठिकाणी दगडावर वर्तुळ व त्याच्या मध्यभागी बिंदू कोरून ठेवीत. पुढच्या पिढीतील मोजणीदारास लेखी वर्णन व आकडे यांच्या आधारे तोच बिंदू पुन्हा शोधावा लागे. लॅम्ब्टन हे हैदराबादहून नागपूरकडे येत असताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाट येथे निधन पावले. त्यांची समाधी तेथेच आहे. नागपुरातील शून्य मैलाच्या स्तंभाजवळ सर्वेक्षणाची 1907 सालची शिला आहे. ती पाहिलेली मुले वर्गात असल्यास त्यांच्याकडून तिचे वर्णन करवून घ्यावे. जमिनीवरील एक लहानसा ठिपका किती श्रमाने निश्चित केला जातो, ही जाणीव मुलांस प्रथम व्हावी.

साहित्य

झाकण घट्ट बसणारा एक लहान डबा, त्यात एक वही व पेन्सिल, मीटरची फीत, ताणल्यावर न वाढणारी 15 मीटर लांबीची दोरी, सरळ काठी, चार खुंट्या, गुण्या किंवा पुठ्ठ्याचा मोठा काटकोन. डब्यावर ठळक अक्षरांत "शाळेचा खेळ" असे व शाळेचे नाव लिहावे. सुतळी ओढली की लांबते, हे ध्यानात ठेवून दोरी निवडावी.

पहिली पायरी: उत्तर दिशा निश्चित करणे

"सूर्य उगवतो ती पूर्व" हे वाक्य मुलांस पाठ असते. परंतु वर्षातील दोन दिवस सोडता सूर्य नेमका पूर्वेस उगवत नाही. मोजणीच्या कामास हे वाक्य पुरेसे नाही. यासाठी आवारात सपाट जागी काठी उभी रोवावी व तिच्याभोवती वर्तुळ आखावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे टेकते तेथे एक खूण व दुपारनंतर ते पुन्हा जेथे टेकते तेथे दुसरी खूण करावी. सकाळची खूण पश्चिमेकडील व दुपारची पूर्वेकडील होय. दोन्ही खुणांना जोडणारी रेषा पश्चिम-पूर्व असते. गुण्याने तिच्यावर काटकोन काढला की उत्तर-दक्षिण रेषा मिळते.

मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली उत्तरेकडे पडते, असे काही पुस्तकांत सांगितलेले असते. पारशिवनीत ते बाराही महिने खरे नाही. हा तालुका कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, 21 अंश 22 मिनिटे उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य येथे डोक्याच्या किंचित उत्तरेस जातो आणि सावली दक्षिणेकडे पडते. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणजे नव्या वर्षाच्या आरंभी, ऊन पडेल त्या दिवशी, मुलांना ही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. पुस्तकातील वाक्य व अंगणातील सावली यांत विरोध दिसला असता सावली मोजून पाहावी, हा धडा मुले येथेच शिकतील. वर्तुळाची रीत मात्र सर्व ऋतूंत चालते.

दुसरी पायरी: कोडे

कोडे घालण्यापूर्वी डबा कोठे ठेवावयाचा हे शिक्षकांनी ठरवून ती जागा स्वतः मोजावी व मगच प्रश्न रचावेत. पुढील नमुना इयत्ता 5 वीसाठी आहे. आरंभाचा बिंदू ध्वजस्तंभ धरला आहे.

अ = राष्ट्रध्वजावरील अशोकचक्रातील आऱ्यांची संख्या
ब = नागपूर जिल्ह्यातील तालुक्यांची संख्या
क = पंचमहाभूतांची संख्या

ध्वजस्तंभापासून उत्तरेस (अ ÷ 2) मीटर जावे. तेथून काटकोनात वळून पूर्वेस (ब − क) मीटर जावे.

अ = 24, ब = 14 व क = 5. म्हणून उत्तरेस 12 मीटर व पूर्वेस 9 मीटर. वर्गाचे चार-पाच मुलांचे गट पाडावेत. प्रत्येक गटाने कोडे वहीत सोडवून, आवाराचा नकाशा 1 सेंटिमीटरला 1 मीटर या प्रमाणाने काढावा व त्यावर डब्याची अपेक्षित जागा दाखवावी. नकाशा पुरा झाल्याखेरीज कोणत्याही गटास मैदानात सोडू नये. एरवी धावणारी मुले पुढे जातात व विचार करणारी मागे राहतात.

तिसरी पायरी: पडताळा

या पाठाचे मर्म या पायरीत आहे. मैदानात जाण्यापूर्वी शिक्षकांनी गटांस एकच गोष्ट सांगावी: "उत्तर बरोबर असेल, तर ध्वजस्तंभापासून डब्यापर्यंत सरळ ताणलेली दोरी नेमकी 15 मीटर भरेल."

12 चा वर्ग 144, 9 चा वर्ग 81; दोहोंची बेरीज 225, आणि 225 हा 15 चा वर्ग आहे. 5 वीच्या मुलास हा सिद्धान्त ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला दोरी पुरे. गवंडी घराचा पाया आखताना 3, 4 व 5 या मापांनी काटकोन तपासतो. हे त्याच त्रिकोणाचे तिप्पट रूप आहे, असे सांगितल्यास ज्या मुलांच्या घरी बांधकामाचे काम चालते त्यांचे चेहरे उजळतील.

वरील कोड्यात एक चूक होण्याचा मोठा संभव आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुले व क्वचित शिक्षकही जिल्ह्यातील पंचायत समित्या मोजतात. त्या 13 आहेत. नागपूर शहराचा तालुका पंचायत समितीच्या क्षेत्रात येत नसल्याने तो या मोजणीतून सुटतो. ज्या गटाने ब = 13 धरला तो पूर्वेस 8 मीटरच जाईल. तेथे डबा नसेल, आणि दोरी लावली असता ती 14.4 मीटरच्या आसपास भरेल. अशा वेळी शिक्षकांनी "चूक" हा शब्द उच्चारू नये, की पुढची खूण दाखवू नये. "दोरी काय सांगते?" एवढेच विचारावे. चूक दिशेत आहे, मोजण्यात आहे, की कोड्याच्या उत्तरात आहे, याचा शोध गटाने स्वतः घ्यावा. प्रथम दिशा तपासावी, मग अंतर पुन्हा मोजावे, आणि दोन्ही ठीक असल्यास उत्तरांकडे वळावे. चूक शोधण्याचा असा क्रम ज्या मुलास एकदा अंगवळणी पडला, त्याला डबा थोडा उशिरा सापडला तरी बिघडत नाही.

डबा सापडल्यावर गटातील प्रत्येकाने वहीत नाव व दिनांक लिहावा, डबा पूर्ववत झाकून होता तेथेच ठेवावा व मुकाट्याने परत यावे. पुढच्या गटास जागा न सांगणे ही या खेळातील सचोटी आहे. शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरविता येते. परंतु येथे प्रत्येक गटास निराळा आरंभबिंदू देऊन कोड्यातील संख्या त्याप्रमाणे बदलल्या, तर उतरविलेल्या उत्तराने डबा सापडत नाही. तोंडी उपदेशापेक्षा हा अनुभव अधिक काळ टिकतो.

इयत्ता 6 वी व 7 वीसाठी विस्तार

ज्या शाळेत शिक्षकांजवळ स्थान दाखविणारा मोबाइल आहे, तेथे अक्षांश-रेखांशांचे कोडे घालता येईल. या खेळात स्थान अंश, मिनिटे व मिनिटाचे तीन दशांश स्थळांपर्यंतचे भाग असे लिहिण्याची रीत आहे. पुढील नमुन्यातील आकडे केवळ रीत समजावी म्हणून दिले आहेत. शिक्षकांनी आपल्या शाळेच्या आवारातील आकडे घेऊन प्रश्न रचावेत.

उत्तर 21 अंश 22.4कख मिनिटे, पूर्व 79 अंश 08.9गघ मिनिटे

क = 20 पेक्षा लहान असलेल्या मूळ संख्या किती?
ख = 36 व 60 यांच्या मसाविमधील अंकांची बेरीज
ग = पाच-अष्टमांश हा अपूर्णांक दशांश रूपात लिहिल्यास त्याचा शेवटचा अंक
घ = इष्टिकाचितीची पृष्ठे किती?

उत्तरे अनुक्रमे 8, 3, 5 व 6. म्हणून स्थान 22.483 व 08.956 असे येते.

येथे दशांश स्थळांचा अर्थ जमिनीवर दाखविण्याची उत्तम संधी मिळते. अक्षांशाचे 1 मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे 1,845 मीटर. म्हणून पहिल्या दशांश स्थळातील 1 ची चूक सुमारे 185 मीटर, दुसऱ्यातील 18 मीटर व तिसऱ्यातील 2 मीटरहून थोडी कमी पडते. पहिल्या स्थळी चुकलेला मुलगा गावाबाहेर जाऊन पोहोचेल. तिसऱ्या स्थळी चुकलेला डब्याच्या शेजारीच उभा राहील. स्थानिक किमतीचा हा फरक फळ्यावर कितीही वेळा सांगितला तरी तो पायांनी चालल्याइतका ठसत नाही. रेखांशाचे 1 मिनिट या भागात सुमारे 1,730 मीटर भरते. ते अक्षांशाहून कमी का, हे पृथ्वीगोलावर रेखांशवृत्ते ध्रुवांकडे कशी जवळ येतात ते दाखवून स्पष्ट करावे.

पडताळ्यासाठी शिक्षकांनी सांगावे: "चारही अंकांची बेरीज 22 आली पाहिजे." मुलांना ही सोय आवडेल. मग त्यांना विचारावे की, एखाद्याने क व ख यांची अदलाबदल करून 22.438 लिहिले तर काय होईल? बेरीज 22 च येईल, परंतु तो मुलगा सुमारे 83 मीटर दूर जाऊन उभा राहील. म्हणजे पडताळाही आंधळेपणाने स्वीकारू नये. पहिल्या अंकास 1 ने, दुसऱ्यास 2 ने, तिसऱ्यास 3 ने व चौथ्यास 4 ने गुणून बेरीज घेतली, तर बरोबर उत्तराची बेरीज 8 + 6 + 15 + 24 = 53 येते; अदलाबदल केलेल्या उत्तराची 3 + 16 + 15 + 24 = 58 येते व चूक उघडी पडते. पुस्तकांवर छापल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकातही स्थानपरत्वे असाच गुणाकार करून पडताळ्याचा अंक काढलेला असतो.

यंत्राचाही पडताळा घ्यावा. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलने दाखविलेल्या स्थानात सुमारे 5 मीटरांचा फरक पडू शकतो. दाट झाडाखाली किंवा भिंतीलगत तो वाढतो. एकाच जागी दहा-दहा मिनिटांनी तीन वेळा आकडे घेऊन मुलांनी त्यांतील फरक टिपावा. यंत्र जवळ नेऊन सोडते. शेवटची चार पावले डोळ्यांनीच शोधावी लागतात.

ज्या शाळेत मोबाइल नाही, तेथील मुलांनाही अक्षांशाचा अनुभव घेता येतो. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश उंच दिसतो, तितकाच साधारणपणे त्या गावाचा अक्षांश असतो. हात सरळ लांबविला असता वळलेली मूठ डोळ्यास सुमारे 10 अंश व्यापते. पारशिवनीच्या परिसरात ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर दोन मुठी व थोडा अधिक उंच दिसतो. हा स्वाध्याय मुलांनी रात्री आपल्या अंगणातून, घरातील वडीलधारे सोबत असताना करावा.

सावधगिरी

हा तालुका पेंच नदीचा व जंगलाचा आहे. वाघ व बिबट्या यांचा वावर असलेल्या भागात, तसेच कालवा, धरण, विहीर, खाण, रेल्वेमार्ग व मोठा रस्ता यांच्या जवळ डबा कधीही ठेवू नये. प्राथमिक शाळेने शाळेचे आवार ओलांडण्याचे कारण नाही. बिळात, दगडांच्या फटीत किंवा कडब्याच्या गंजीत डबा ठेवू नये, कारण पावसाळ्यात तेथे साप व विंचू असतात. हात घालण्यापूर्वी काठीने चाचपण्याची सवय मुलांस लावावी. डबा पुरू नये; जमीन खणू नये व झाडास खिळा मारू नये. बेवारस डब्याने लोकांस शंका येते व ती येणे योग्यच आहे. म्हणून खेळाची कल्पना मुख्याध्यापक, सरपंच व पोलीस पाटील यांस आधी द्यावी आणि खेळ संपताच डबा उचलून घ्यावा. खाद्यपदार्थ डब्यात ठेवू नयेत.

मूल्यमापन

डबा प्रथम कोणी शोधला यावर गुण देऊ नयेत. पुढील गोष्टी पाहाव्यात: नकाशा प्रमाणात काढला काय? उत्तर न जुळल्यास चूक क्रमाने शोधली काय? गटातील प्रत्येकाच्या हाती एकदा तरी फीत आली काय? डबा होता तसा ठेवला काय?

एक गोष्ट शिक्षकांच्या ध्यानात सहज येईल. लेखी गणितात मागे राहणारा, परंतु गुरांमागे रानोमाळ फिरलेला मुलगा या पाठात बहुधा पुढे असतो. दिशा त्याच्या अंगात मुरलेल्या असतात आणि अंतराचा त्याचा अंदाज चुकत नाही. वहीतील संख्या व पायांखालची जमीन ही एकच आहेत, हे त्याला आजवर कोणी दाखविलेले नसते, एवढेच. ते त्याला येथे दिसते. दोरी ताणून ती नेमकी 15 मीटर भरली आहे असे पाहिल्यावर जो मुलगा शिक्षकाकडे न वळता सरळ डब्याकडे चालू लागेल, त्याच्यापुरता हा पाठ सफल झाला असे समजावे.